अर्ध्या सेकंदाचा वाद आणि चातुर्मासाची वाट

लॅपटॉपच्या रॅमची पट्टी जेमतेम सात सेंटिमीटर लांब आणि तीन सेंटिमीटर रुंद असते. १६ जीबीची घेतली तर तिच्यावर सहसा आठ काळ्या चिप दिसतात. त्यातल्या एका चिपमध्ये, एकेक बिट सांभाळणाऱ्या, १,७१७ कोटी ९८ लाख ६९ हजार १८४ पेशी असतात. जगाची लोकसंख्या आज ८२० कोटींच्या आसपास आहे. प्रत्येक माणसाला दोन पेशी वाटल्या तरी त्या एका चिपवर पाऊणशे कोटींहून अधिक शिल्लक राहतात, आणि अजून सात चिप बाकी असतात.

आठही चिपची बेरीज १३,७४३ कोटी ८९ लाख ५३ हजार ४७२. ही संख्या वाचताना आपली जीभ 'कोटी'पाशी अडते आणि पुढे हजार कोटी, लाख कोटी असं चालू होतं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त कोटीच्या पुढची नावं तयार आहेत: अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण्याला मठ काढला होता. तिथला शिलालेख आजही आहे. त्या मठातल्या विद्यार्थ्याने आपली पट्टी 'एक निखर्व, तीन खर्व, सात अब्ज, चार अर्बुद, तीन कोटी' अशी धडाधड म्हणून दाखवली असती. दुकानात रॅम घेताना आपण मात्र 'सोळा' एवढंच म्हणतो.

सेकंदाला एक या गतीने, न झोपता न जेवता, कुणी या पेशी मोजायला बसलं तर ४,३५५ वर्षं लागतील. आज मोजणी संपवणाऱ्याने ती इसवी सनापूर्वी २३३० च्या सुमाराला सुरू केलेली असली पाहिजे. तेव्हा मोहेंजोदारोच्या गल्ल्या गजबजलेल्या होत्या, आणि प्रवरेकाठी दायमाबादची पहिली वस्ती साधारण त्याच काळातली. लॅपटॉपला मात्र हा सगळा पसारा एका सेकंदाच्या आत वाचून काढता येतो. किती आत, ते पुढे येईलच.

एका पेशीत असतं तरी काय? एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर, बस. ट्रान्झिस्टर हे दार आणि कपॅसिटर हे विजेचं भांडं. भांडं भरलेलं तर एक, रिकामं तर शून्य. ही रचना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची. पेटंट मिळालं १९६८ मध्ये. त्याआधी एका बिटासाठी अनेक ट्रान्झिस्टर लागत. डेनार्ड यांनी ते एकावर आणले आणि सगळा पुढचा इतिहास त्या काटकसरीवर उभा राहिला. आजच्या पेशीचं क्षेत्रफळ साधारण पंधराशे चौरस नॅनोमीटर भरतं. डोक्यावरचा ८० मायक्रॉन जाडीचा एक केस आडवा कापला, तर त्या कापावर अशा तीस लाखांहून जास्त पेशी मावतील.

एवढ्याशा भांड्यात मावणार किती? कपॅसिटरची क्षमता दहा फेम्टोफॅरडच्या घरातली, त्यावरचं व्होल्टेज अर्धा-पाऊण व्होल्ट, म्हणजे हिशोब चाळीस हजार इलेक्ट्रॉनांच्या आसपास जातो. इतर सगळ्या अफाट संख्यांमध्ये हीच एक संख्या छोटी आहे, आणि सगळी अडचण तिच्यामुळे आहे. कारण भांडं गळतं. दार बंद असलं तरी इलेक्ट्रॉन झिरपत राहतात आणि काही काळाने एक की शून्य हे ओळखू येईनासं होतं. म्हणून प्रत्येक पेशी वाचून, होती तशी पुन्हा भरून ठेवावी लागते. डीडीआर४ रॅमच्या नियमाप्रमाणे सर्वसाधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक पेशीची पाळी आलीच पाहिजे. सेकंदाला पंधरा-सोळा वेळा.

१६ जीबीला हा गुणाकार करून पाहा: सेकंदाला दोन लाख १४ हजार ७४८ कोटी भरणा. पेशी अर्थात एकेकटी भरली जात नाही, ओळीच्या ओळी एकदम भरतात. त्यासाठी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी एक हुकूम सुटतो, सेकंदाला एक लाख २८ हजार. डीडीआर५ मध्ये मुदत निम्मी झाली आहे, म्हणजे मेहनत दुप्पट. तुम्ही काहीही करत नसताना, पडद्यावर नुसतं घड्याळ दिसत असताना, हे चालू असतं. लॅपटॉपचं झाकण मिटून 'स्लीप'मध्ये टाकला तरी चालू असतं. रात्री ८० टक्के असलेली बॅटरी सकाळी त्याहून कमी दिसते, त्यात या भरण्याचाही वाटा आहे. 'हायबरनेट'मध्ये सगळं डिस्कवर उतरवून रॅमची वीज तोडतात, म्हणून तिथे ही गळती नाही.

गंमत अशी की ६४ मिलिसेकंद ही मुदत सगळ्यात दुबळ्या पेशीचा विचार करून ठरवलेली आहे. बहुसंख्य पेशी त्याहून कितीतरी जास्त तग धरतात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी चालू संगणकाची रॅम उणे ५० अंशांपर्यंत गार केली आणि वीज तोडली. दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिटं बिघडली होती. वीज गेली की रॅम कोरी होते, हे आपण शाळेत पाठ केलेलं वाक्य त्या दिवशी थोडं ढिलं पडलं, आणि पासवर्ड सांभाळणाऱ्यांची झोप उडाली.

चाळीस हजार इलेक्ट्रॉनांच्या भरवशावर ठेवलेली गोष्ट कधीतरी दगा देणारच. बेल्जियममधल्या स्कारबेक इथे १८ मे २००३ च्या निवडणुकीत इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला तिथे पडणं शक्यच नव्हतं इतकी मतं पडली. फेरमोजणी केली तेव्हा जादा मतं निघाली ४,०९६. ही संख्या दोनाचा बारावा घात आहे. मतांच्या आकड्यातलं तेरावं बिट शून्याचं एक झालं की नेमका एवढाच फरक पडतो. अंतराळातून आलेल्या एखाद्या कणाने ते उलटवलं असावं, असा तर्क तेव्हापासून सांगितला जातो. सिद्ध करणं अशक्य, कारण असा कण मागे काही ठेवून जात नाही. गूगलने आपल्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास करून २००९ मध्ये जाहीर केलं की वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅम-पट्ट्यांमध्ये एखादी तरी चूक नोंदली जाते. सर्व्हरमध्ये अशी चूक पकडून दुरुस्त करणारी जादा बिटं असतात. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपमध्ये नसतात, आणि फोटोतला एक ठिपका किंचित निळा झाला तर आपल्याला कळणारही नसतं.

आता मागे वळून पाहू, कारण ही वाढ दोनाच्या घातांची आहे आणि त्यामुळे काही भागाकार विलक्षण स्वच्छ येतात. १९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा १,५६५ डॉलरच्या मूळ यंत्रात १६ केबी रॅम होती. आजच्या १६ जीबीला तिने भागा: १०,४८,५७६. बरोब्बर दोनाचा विसावा घात, एकही बाइट इकडेतिकडे नाही. चंद्रावर माणसं नेणाऱ्या अपोलो यानातल्या संगणकाची लिहिता-पुसता येणारी स्मृती २,०४८ शब्दांची होती, आजच्या भाषेत चार केबी. १६ जीबीत ती एक्केचाळीस लाख ९४ हजार ३०४ वेळा बसते. विंडोज ९५ ला किमान चार एमबी लागत, २०२१ च्या विंडोज ११ ला किमान चार जीबी: २६ वर्षांत १,०२४ पट. आणि गोष्ट अशी की चार एमबीवर विंडोज ९५ जेवढं रखडायचं, साधारण तेवढंच चार जीबीवर विंडोज ११ रखडतं. कंपन्या 'किमान' हा शब्द फार प्रामाणिकपणे वापरत नाहीत.

मग एवढी रॅम जाते कुठे? मजकुरात जात नाही, हे नक्की. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या, ओवीला सरासरी शंभर चिन्हं धरली, तर पूर्ण ग्रंथ २७ लाख बाइटांत आटोपतो. १६ जीबीत सहा हजारांवर ज्ञानेश्वऱ्या राहतील. पण फोनमधून आलेला १२ मेगापिक्सेलचा एक फोटो उघडा. डिस्कवर तो तीन-चार एमबीचा असतो, कारण दाबून ठेवलेला असतो. पाहण्यासाठी मात्र तो उलगडावा लागतो: चार हजार गुणिले तीन हजार ठिपके, ठिपक्याला चार बाइट, एकूण चार कोटी ८० लाख बाइट. सतरा ज्ञानेश्वऱ्यांची जागा, सत्यनारायणाच्या एका फोटोला. फोटो-संपादनात त्यावर दहा थर चढवले की गुणिले दहा. ब्राउझरच्या प्रत्येक टॅबमध्ये चित्रं आहेत, व्हिडिओ आहेत, जाहिरातींचे छोटे छोटे प्रोग्राम आहेत, आणि सुरक्षेसाठी ब्राउझर वेगवेगळ्या साइटना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो. रॅमचा अक्षराशी संबंध केव्हाच संपला. ती चित्रांनी खाल्ली जाते.

दुकानात चर्चा मात्र वेगळ्याच आकड्यावर रंगते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही शहरातल्या संगणकाच्या गल्लीत उभे राहा, हा संवाद कानावर येईल.

"काका, ३२०० चीच घ्या. २६६६ आता कोण घेतं?"

"फरक किती पडेल पण?"

"पडतो ना! ३२०० कुठे, २६६६ कुठे."

आकडा वीस टक्क्यांनी मोठा आहे, तेव्हा पोरगा खोटं बोलत नाहीये. पण तो आकडा कशाचा आहे? ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी वेळा माल बाहेर पडतो, दर खेपेला आठ बाइट. गुणाकार २,५६० कोटी बाइट प्रति सेकंद. दोन खेपांमध्ये अंतर एक तृतीयांश नॅनोसेकंदाहून कमी, ज्यात प्रकाश नऊ-साडेनऊ सेंटिमीटर जातो. तांब्याच्या रेघेवरून सिग्नल याच्या निम्म्या वेगानेच धावतो, म्हणजे जेमतेम पाच सेंटिमीटर. रॅमची पट्टी त्याहून लांब आहे. एक बिट प्रोसेसरच्या दाराशी पोचण्याआधी मागून दुसरं निघालेलं असतं, आणि तेही वाटेत असताना कधी तिसरं. ६४ रेघांवरून ही मिरवणूक एका तालात नेणं ही अभियांत्रिकीतली खरी करामत आहे, आणि तिच्याबद्दल कुणी हार घालत नाही.

पण हा झाला माल सुरू झाल्यानंतरचा वेग. मागणी केल्यापासून पहिलं बिट हातात पडेपर्यंत किती थांबावं लागतं, हा दुसराच आकडा, आणि तो पाकिटावर बारीक अक्षरांत 'सीएल' या नावाने असतो. त्याला घड्याळाच्या एका ठोक्याच्या काळाने गुणलं की नॅनोसेकंद मिळतात. मी तो हिशोब पिढ्यान् पिढ्यांसाठी मांडला. २००३ च्या आसपासची डीडीआर ४००, सीएल ३: पंधरा नॅनोसेकंद. डीडीआर२ ८००, सीएल ६: पंधरा. डीडीआर३ १६००, सीएल ११: पावणेचौदा. डीडीआर४ ३२००, सीएल २२: पावणेचौदा. डीडीआर५ ५६००, सीएल ४६: साडेसोळाला थोडे कमी. वीस वर्षांत पाकिटावरचा मोठा आकडा चौदापट झाला आणि थांबण्याचा काळ होता तिथेच राहिला, उलट शेवटी किंचित वाढला.

कारण पुन्हा ते चाळीस हजार इलेक्ट्रॉन. पेशीचं दार उघडलं की तिच्यातला मूठभर विद्युतभार तिच्यापेक्षा कितीतरी मोठ्या, शेकडो पेशींना जोडलेल्या तारेवर सांडतो. तारेचं व्होल्टेज नखभर हलतं. ते वर हललं की खाली, हे ओळखून मोठं करायला प्रवर्धकाला वेळ लागतो. पेशी लहान केल्या तर संख्या वाढते, पण प्रत्येकीचा आवाज आणखी क्षीण होतो. तारा आखूड करून, प्रवर्धक वाढवून हे जलद करता येतं. मग त्याच जागेत जीबी कमी मावतात. पन्नास वर्षं उद्योगाने प्रत्येक वेळी जीबीच्या बाजूने कौल दिला आहे, कारण गिऱ्हाईक जीबीचेच पैसे देतं.

तेव्हा २६६६ (सीएल १९) आणि ३२०० (सीएल २२) यांच्यात थांबण्याचा फरक अर्ध्या नॅनोसेकंदाचा. सव्वाचौदा की पावणेचौदा.

हा फरक कशाच्या तुलनेत पाहायचा? नॅनोसेकंद आपल्या अनुभवातला नाही, म्हणून एक नॅनोसेकंद म्हणजे एक सेकंद असं धरू. प्रोसेसरला हवी ती गोष्ट त्याच्या पोटातल्याच छोट्या साठ्यात, कॅशमध्ये, असेल तर सेकंदाभरात मिळते. नसेल तर रॅमकडे जायचं. कंट्रोलर, रांग, दार उघडणं, परतीचा रस्ता असं सगळं धरून साधारण शंभर नॅनोसेकंद, म्हणजे एक मिनिट ४० सेकंद. तोवर चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर चारशे ठोके मोजत बसतो. रॅममध्येही नसेल तर एसएसडी. तिथे शंभर मायक्रोसेकंद: आज सकाळी दहाला मागितलेली वस्तू उद्या दुपारी पावणेदोनला हातात. आणि जुनी, फिरणारी हार्ड डिस्क असेल तर दहा मिलिसेकंद, म्हणजे ११५ दिवस १७ तास. आषाढी एकादशीला पाठवलेला निरोप कार्तिकीच्या दोन दिवस आधी परत येतो. अख्खा चातुर्मास. (अधिक मास पडला तर डिस्क थोडी लवकर आली असं म्हणावं लागेल.)

या मापावर दुकानातला वाद अर्ध्या सेकंदाचा आहे.

रॅम कमी पडते तेव्हा लॅपटॉप बंद पडत नाही, हीच फसवणूक आहे. विंडोज असो वा लिनक्स, स्मृती चार-चार केबीच्या पानांत वाटलेली असते. १६ जीबीची पानं होतात ४१ लाख ९४ हजार ३०४. जागा संपली की फारशी न लागणारी पानं डिस्कवर नेऊन ठेवतात आणि पुन्हा लागली की परत आणतात. तुम्हाला काही कळत नाही, फक्त कर्सरच्या जागी चक्र फिरू लागतं. किती फेऱ्या डिस्ककडे गेल्या म्हणजे त्रास होतो? हजारातली एक. हिशोब सोपा आहे. हजार फेऱ्यांपैकी ९९९ रॅममध्येच भागल्या, शंभर नॅनोसेकंदांत, आणि एक एसएसडीकडे गेली, एक लाख नॅनोसेकंद. सरासरी दोनशे. म्हणजे हजारात एक चुकली तर स्मृती निम्म्या वेगाची झाली. तीच एक फेरी हार्ड डिस्ककडे गेली तर सरासरी दहा हजार शंभर नॅनोसेकंद: शंभरपटीहून हळू. ९९.९ टक्के गुण मिळवून नापास. एसएसडीकडे शंभरात एक गेली तरी अकरापट.

म्हणून रॅमची कमतरता उताराची नसते, कड्याची असते. आठ जीबीत साडेसात लागत असतील तर सगळं सुरळीत. साडेआठ लागू लागले की एकदम खाली. आणि कड्याच्या अलीकडे, भरपूर जागा असलेल्या माणसाने ३२ चे ६४ केले तर त्याला काहीच जाणवत नाही, कारण नसलेली फेरी आणखी कमी करता येत नाही. खोटं वाटेल, पण ज्यांना रॅमचा फरक 'रॉकेटसारखा' वाटला आणि ज्यांना 'काहीच नाही' वाटला, ते दोघेही खरं सांगत असतात. एक कड्याच्या पलीकडून आला होता, दुसरा आधीच अलीकडे होता.

यातून एक निष्कर्ष निघतो तो रॅम विकणाऱ्याच्या विरोधात जातो. घरात आठ वर्षांपूर्वीचा, हार्ड डिस्कवाला लॅपटॉप असेल आणि खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल, तर आधी एसएसडी टाका. चातुर्मासाचा सव्वा दिवस होतो, शंभरपट फरक. आठाचे सोळा त्यानंतर.

आकडा मोठा असण्याला अर्थच नाही असं मात्र नव्हे. एका पट्टीऐवजी दोन लावल्या की दोन रस्ते एकदम चालू होतात आणि २,५६० कोटींचे ५,१२० कोटी बाइट प्रति सेकंद होतात. आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्यांचा सगळा साठा तत्त्वतः एक तृतीयांश सेकंदात वाचून होतो. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथे पडद्यालाही या रॅममधूनच खायला मिळतं: फोर-के पडद्याचं एक चित्र तीन कोटी ३१ लाख बाइटांचं, सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे जवळपास २०० कोटी बाइट फक्त स्थिर पडदा दिसत राहण्यासाठी. गेम खेळायला बसलात तर याच्या कित्येक पट. तिथे दुसरी पट्टी स्पष्ट जाणवते. हल्ली घरच्या लॅपटॉपवर भाषा-मॉडेल चालवणाऱ्यांनाही जाणवते. ७०० कोटी गुणकांचं मॉडेल, प्रत्येक गुणक चार बिटांत दाबून बसवला तरी ३५० कोटी बाइट. आणि उत्तरातला प्रत्येक शब्दतुकडा उमटण्यासाठी ते सगळेच्या सगळे एकदा वाचावे लागतात. एका पट्टीवर सेकंदाला फार तर सात तुकडे, दोनवर चौदा. मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, तेव्हा वाट आणखी पाहावी लागते.

याच मॉडेलांनी रॅमचा बाजारही हलवला आहे. जगातली ९० टक्क्यांहून जास्त डीरॅम, म्हणजे हीच कपॅसिटरवाली रॅम, तीन कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. ऑक्टोबर २०२५ मध्ये ओपनएआयने पहिल्या दोघींबरोबर करार जाहीर केले तेव्हा लक्ष्य सांगितलं होतं महिन्याला नऊ लाख वेफर. एक वेफर ३०० मिलिमीटर व्यासाची सिलिकॉनची चकती. क्षेत्रफळ काढून सातबाऱ्याच्या भाषेत आणलं तर महिन्याला १५ एकर २९ गुंठे, आणि केसाच्या कापावर तीस लाख पेशींच्या दाटीने पेरलेलं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा आपला 'क्रूशियल' हा ब्रँड बंद करणार असल्याचं सांगितलं. लक्ष डेटा सेंटरांकडे. दुकानातले भाव त्याआधीच चढू लागले होते. गुजरातेत साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे खरा, पण तिथे चिपची जुळणी आणि तपासणी होते. पेशी कोरण्याचं काम परदेशातच.

तेव्हा भाव चढलेले असताना किती घ्यायची? आधी घ्यायची का, ते पाहा. महिन्यातल्या सगळ्यात गर्दीच्या तासाला, सगळे टॅब, मीटिंग, एक्सेल उघडं असताना टास्क मॅनेजरमधलं 'कमिटेड' वाचा. नुसतं 'इन यूज' पाहून घाबरू नका: ८० टक्के भरलेली दिसणं हे दुखणं नव्हे. कमिटेड हा आकडा बसवलेल्या रॅमपेक्षा बराच मोठा असेल तर तुम्ही कड्याच्या पलीकडे आहात. बहुतेकांसाठी आज उत्तर १६ आहे. व्हिडिओ कापणारे, आभासी यंत्रं चालवणारे, मॉडेलांशी खेळणारे यांच्यासाठी ३२. त्यावर जायचं कारण ज्याच्याकडे असतं त्याला ते विचारावं लागत नाही.

कमाल मर्यादेची चिंता करू नका. ३२ बिटांच्या जमान्यात पत्ते ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पाशी संपायचे, म्हणून चार जीबी लावूनही तीनच्या वर थोडी दिसायची. ६४ बिटांचे पत्ते १८४ परार्धांच्या पुढे जातात. भास्कराचार्यांची यादी तिथे १८४ वेळा संपते. तुमची मर्यादा त्याआधी मदरबोर्डवर येईल, आणि ती लॅपटॉपच्या मॉडेल क्रमांकावरून कंपनीच्या माहितीपत्रकात सापडते.

तिथेच आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. रॅम पट्टीची आहे की बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा पक्की असते आणि मग निर्णय विकत घेण्याच्या दिवशीच झालेला असतो. दुसरं, पिढी: डीडीआर४ च्या पट्टीला २६० पिना, डीडीआर५ ला २६२, खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसणार नाही, आणि लावूही नका. आठ जीबी पक्की आणि एक स्लॉट रिकामा अशी अवस्था असेल, तर तिथे आठ टाकली की दोन्ही रस्ते पूर्ण जुळतात. सोळा टाकली तर बहुतेक लॅपटॉपांत पहिले आठ-आठ जोडीने धावतात आणि वरचे आठ एका रस्त्याने, अर्ध्या वेगाने. अर्धा वेग असला तरी तो रॅमचा आहे, डिस्कचा नाही. त्यामुळे तुमचं कमिटेड सोळाच्या वर जात असेल तर बेलाशक सोळाच टाका, आणि ती २६६६ ची स्वस्त मिळत असेल तर तीच घ्या.